आकाश विदर्भाचे, वेध इतरांचे

२२ जानेवारी १८९८ या दिवशी भर दुपारी विदर्भाच्या भूमीवरून चंद्राची सावली सरकत गेली. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातील विजयदुर्गापाशी किनाऱ्याला लागून सोलापूरकडील जेऊर, वऱ्हाडातील तळणी, वर्धा नदीकाठचे पुलगाव असा ईशान्येकडे निघाला होता. अशी सावली पृथ्वीवर कोठे पडणार, याचे गणित वर्षानुवर्षे आधी मांडलेले असते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील ज्योतिर्विद आपापली सामग्री पेट्यांत भरून वेळेपूर्वीच भारतात दाखल झाले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या तुकडीने जेऊरला तळ दिला. पुलगावला इंग्लंडहून आलेले न्यूऑल आणि हिल्स होते. स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलंड यांनी मध्य प्रांतातील घोगली येथे मुक्काम केला होता. तळणीला ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींचे तंबू पडले होते.

तळणीच्या त्या मंडळींत अॅनी माँडर या विदुषी होत्या. ग्रीनिचच्या वेधशाळेत त्या गणक म्हणून काम करीत. परंतु १८९५ मध्ये विवाह होताच ती नोकरी त्यांना सोडावी लागली होती. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयाने दिलेल्या एका छोट्या संशोधन-अनुदानातून त्यांनी जेमतेम दीड इंच व्यासाच्या भिंगाचा कॅमेरा करवून घेतला होता. खग्रास स्थितीची ती सुमारे दोन मिनिटे संपली तेव्हा त्या लहानशा कॅमेऱ्याच्या काचेवर सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेली अशी एक लांबच लांब शलाका उमटली होती, की तोवरच्या कोणाच्याही छायाचित्रात तिच्या तोडीची शलाका आलेली नव्हती. मोठमोठ्या यंत्रांच्या गर्दीत एका महाविद्यालयाच्या तुटपुंज्या मदतीने हे काम करून दाखविले. ते झाले मात्र अमरावती जिल्ह्यातील एका लहान स्थानकाच्या परिसरात.

ग्रहण सुटले. तंबू उतरले, पेट्या पुन्हा खिळल्या गेल्या आणि पाहुणे मुंबईच्या गाडीत बसले. विदर्भात त्या पाहुणचाराची कोणतीही शास्त्रीय खूण मागे राहिली नाही. नागपूर विद्यापीठाची स्थापना व्हायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागायची होती, हे खरे. परंतु १९२३ मध्ये ते विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. त्याच्या शताब्दीनिमित्त जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन नागपूरला भरले. तरीही देशातील संशोधनयोग्य वेधशाळांची नावे घेताना कोडाईकनाल, कावलूर, नैनिताल, हानले, गिरवली अशी घेतली जातात; त्यांत नागपूरचे नाव येत नाही. खगोलशास्त्राचे उच्च शिक्षण आणि संशोधन विदर्भातील विद्यापीठांत का रुजले नाही, आणि ते रुजविण्याची वेळ आजच का आली आहे, याचा विचार भावनेच्या भरात न वाहता करणे आवश्यक आहे.

एका माणसाची वेधशाळा

या प्रश्नाचे पहिले उत्तर पुण्याच्या इतिहासात सापडते. १८८२ मध्ये भावनगरच्या महाराजांनी दिलेली देणगी आणि सरकारने त्यात घातलेली भर यांतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. ती १८८८ मध्ये कार्यान्वित झाली. तिचे प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. तेथील वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. म्हणजे देशातील सर्वांत मोठी दुर्बीण एकेकाळी महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाच्या आवारात होती, ही गोष्ट आज अनेकांना ठाऊकही नाही. १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी जेऊरला परदेशी पथकाशेजारी याच नायगमवालांची तुकडी आपली उपकरणे मांडून बसली होती.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद करण्यात आली. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. त्यांच्यामागे हे काम चालविणारा दुसरा प्राध्यापक नेमलेला नव्हता आणि त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेली पिढीही नव्हती. वेधशाळेचे यश एका माणसाच्या कर्तबगारीचे होते. त्याला संस्थेचे रूप आलेच नाही. या घटनेनंतर पुण्यात पुन्हा खगोलशास्त्राची पंढरी उभी राहायला पाऊण शतक जावे लागले.

आपल्याकडे व्यक्तींची वाण कधीच नव्हती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा साक्षेपी इतिहास मराठीत सिद्ध केला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी नोकरी सांभाळून ग्रहगणिताची नवी कोष्टके रचली आणि १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडे ग्रह असावेत असे भाकीत करणारा लेख फ्रान्सच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या दोघांनाही विद्यापीठाचे छत्र नव्हते. एकाकी तपश्चर्येचे कौतुक करण्याची आपल्याला सवय आहे. त्या तपस्व्याला शिष्य मिळावेत, ग्रंथालय मिळावे, यंत्र मिळावे यासाठी लागणारी व्यवस्था उभारण्याची सवय तेवढी नाही.

हैदराबादचे उदाहरण

नागपूरहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर असलेल्या हैदराबादने मात्र वेगळा मार्ग धरला. १९०१ मध्ये तेथील एका हौशी सरदाराने सुरू केलेली निजामिया वेधशाळा पुढे संस्थानाकडे आणि १९१९ मध्ये नव्या उस्मानिया विद्यापीठाकडे आली. साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची यादी करण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेत या वेधशाळेने आपल्या वाट्याचा पट्टा पुरा केला. लाखो ताऱ्यांची स्थाने तेथे मोजली गेली. पुढे याच विद्यापीठात खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला. बर्कलीहून डॉक्टरेट मिळवून आलेले प्रा. कृ. दा. अभ्यंकर हे या विभागाचे आधारस्तंभ होते. १९६८ मध्ये शहरापासून दूर जपाल-रंगापूर येथे १.२ मीटर व्यासाची दुर्बीण बसविण्यात आली. भारतातील एका विद्यापीठाने स्वतःच्या मालकीच्या एवढ्या मोठ्या दुर्बिणीवर विद्यार्थ्यांना शिकवावे, हा प्रकार तेव्हा अपूर्व होता. अभ्यंकरांनी ताऱ्यांवर आणि दीर्घिकांवर लिहिलेले पाठ्यपुस्तक देशभरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हाती गेले.

या उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शहर वाढत गेले, आकाश उजळत गेले, पदे रिकामी राहू लागली, यंत्राच्या देखभालीचा खर्च झेपेनासा झाला आणि त्या वेधशाळेचे तेज पुढे ओसरले. पुण्याला एका माणसाअभावी जे घडले, ते हैदराबादला सातत्याअभावी घडले. दुर्बीण विकत घेणे सोपे असते. वर्षानुवर्षे दर रात्री ती उघडत राहणे कठीण असते. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात खरेदीची रक्कम एकदा दिसते, देखभालीची दरवर्षी दिसावी लागते. नागपूरला काही करावयाचे असल्यास हा धडा आधी गिरवावा लागेल.

कागद-पेन्सिलीची वाट

विदर्भातील विद्यापीठांत खगोलसंशोधन मुळीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ते झाले, परंतु मुख्यतः गणिताच्या वाटेने झाले. याला एक परंपरा आहे. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतल्यावर १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात रुजू झाले आणि आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या अभ्यासाची एक शाळाच त्यांनी तेथे उभी केली. त्यांच्या सहवासात प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये किरणोत्सर्जन करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे जे उत्तर शोधून काढले, ते आज वैद्य यांच्याच नावाने जगभर ओळखले जाते. उत्तरायुष्यात विष्णुपंत नारळीकर पुणे विद्यापीठात आले. या परंपरेचे लोण अनेक विद्यापीठांच्या गणित विभागांत पोचले. नागपूर आणि अमरावती येथील विभागांतही विश्वरचनेच्या गणिती प्रतिमानांवर, विशेषतः दिशेनुसार निरनिराळ्या गतीने प्रसरण पावणाऱ्या विश्वाच्या प्रतिमानांवर, कित्येक प्रबंध लिहिले गेले.

हा मार्ग निवडला गेला याचे कारण स्पष्ट आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, वीज गेली तरी अडत नाही, आणि निधीचा कागद मुंबईत किंवा दिल्लीत अडकून पडला तरी काम थांबत नाही. टंचाईत वाढलेल्या विद्यापीठांना परवडणारे हे विज्ञान होते आणि त्या टंचाईतही ते निष्ठेने केले गेले, याबद्दल त्या प्राध्यापकांचे ऋण मान्यच केले पाहिजे. मात्र त्यातून एक उणीव निर्माण झाली. समीकरण सोडविणारा विभाग एका इमारतीत, भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत, आणि आकाशाचा वेध घेण्याची सोय कोठेच नाही. अशा स्थितीत प्रतिमानातून प्रतिमान निघत राहते. परंतु यांतले कोणते निसर्गाला मान्य आहे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागत नाही. खगोलशास्त्रात अखेरचा शब्द आकाशाचा असतो, आणि त्या आकाशाकडे पाहण्याचे साधनच या विद्यार्थ्याच्या हाती आले नाही.

सिद्धांत आणि वेध यांची गाठ पडली की काय घडते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. दोन अतिघन तारे परस्परांभोवती फिरत शेवटी एकमेकांत विलीन होतात तेव्हा अवकाशात गुरुत्वीय लहरी उठतात. या लहरी इतक्या क्षीण असतात, की यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटात त्या बुडून जातात. तो गोंगाट चाळून नेमका संकेत कसा निवडावा, यावर संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी पुण्यात काम करून १९९१ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी गुरुत्वीय लहर कोणी पाहिली नव्हती आणि ती टिपणारे मोठे यंत्रही बांधले गेले नव्हते. काम कागदावरचेच होते. परंतु त्याची नजर भावी यंत्राकडे लागलेली होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो यंत्रांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरील दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर पकडली, तेव्हा त्या साऱ्या पूर्वतयारीचे मोल जगाला कळले.

आयुकाने काय केले, काय उरले

असे काम पुण्यात होऊ शकले, कारण १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तेथे खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र, अर्थात आयुका, स्थापन केले. आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष प्रा. यश पाल यांची ती दूरदृष्टी होती आणि संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी तिला आकार दिला. या संस्थेचे मूळ प्रयोजन विसरता कामा नये. ती पुण्यासाठी निघाली नव्हती. देशातील लहान-मोठ्या विद्यापीठांतील अध्यापकाने सुटीत तेथे यावे, ग्रंथालयात बसावे, तज्ज्ञांशी बोलावे, दुर्बिणीवरील वेळ मिळवावा आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावे, यासाठी ती होती. जुन्नर परिसरातील गिरवली येथे २००६ मध्ये सुरू झालेली तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीणही याच हेतूने उभारलेली. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले. त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलीत त्यांच्या विज्ञानकथांची आणि विश्वोत्पत्तीच्या वादाची आठवण सर्वांनी काढली. विद्यापीठांना खगोलशास्त्राच्या प्रवाहात आणण्याच्या त्यांच्या ध्यासाची आठवण तितक्याच आवर्जून निघायला हवी होती.

या योजनेचा लाभ ज्यांनी घेतला, त्यांच्याकडे नागपूरने पाहावे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वयाने नागपूरच्या नातवंडासारखे. तेथील अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी दीर्घिका व दीर्घिकासमूह यांच्या क्ष-किरण आणि दृश्य निरीक्षणांवर सातत्याने संशोधन केले. नांदेडला त्यासाठी डोंगरावर वेधशाळा बांधावी लागली नाही. अवकाशातील दुर्बिणींनी टिपलेली सामग्री ठराविक मुदतीनंतर जगाला खुली होते. ती वाचण्याची विद्या ज्याला येते, त्याला ती मिळते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या भारताच्या अॅस्ट्रोसॅट या उपग्रहाची सामग्री अशीच उपलब्ध आहे. नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मागण्याचा अधिकार नागपूरच्या अध्यापकालाही आहे.

परंतु आयुका ही विद्यापीठाला दिलेली शिडी आहे. तिच्यावर चढायला विद्यापीठात माणसे असावी लागतात. वर्षातून दोन आठवडे पुण्याला जाऊन येणारा एकटा अध्यापक विभाग उभा करू शकत नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांत अध्यापकांच्या रिक्त जागा हा आता बातमीचाही विषय राहिलेला नाही, इतका तो अंगवळणी पडला आहे. तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण दिवसभर एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावतो. त्याने रात्री दुर्बिणीतील सामग्रीचे विश्लेषण करावे, ही अपेक्षा क्रूरच म्हटली पाहिजे.

हिंगोलीत घडणारी गोष्ट

हा प्रश्न आज निकडीचा का, याचे उत्तर हिंगोली जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडिया या प्रकल्पाची उभारणी व्हावयाची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. परस्परांना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धावणारे लेसर किरण आणि टोकांना टांगलेले आरसे असे हे यंत्र आहे. गुरुत्वीय लहर आली की या चार किलोमीटरांत पडणारा फरक अणुगर्भातील प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असतो. एवढा सूक्ष्म फरक मोजण्यासाठी आरशांचे लेपन, निर्वात तंत्र, भूकंपरोधक टांगणी, लेसरचे स्थैर्य आणि संगणकीय विश्लेषण या प्रत्येक बाबतीत मानवी कौशल्याची परिसीमा गाठावी लागते. अमेरिका-युरोपपासून दूर असलेले हे यंत्र सुरू झाले, म्हणजे लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली, हे आजच्याहून कितीतरी अचूक सांगता येईल.

नागपूर, अमरावती, नांदेड, छत्रपती संभाजीनगर ही विद्यापीठे या प्रकल्पाची नैसर्गिक शेजारी आहेत. ते यंत्र चालू होईल तेव्हा त्याला दीर्घकाळ अभियंते, भौतिकशास्त्रज्ञ आणि सामग्री-विश्लेषक लागतील. ते कोठून येणार? आज पदवीच्या पहिल्या वर्षात असलेला गडचिरोलीचा किंवा वाशीमचा विद्यार्थी त्या वेळी संशोधकाच्या वयाचा होईल. त्याला लागणारे शिक्षण आजपासून मिळाले नाही, तर त्याच्या वाट्याला त्या प्रकल्पाच्या फाटकावरील पहारा येईल आणि यंत्रापाशी बसणारी माणसे बंगळुरू, पुणे, दिल्लीहून येतील. त्यांचे स्वागतच आहे. विज्ञानाला प्रांत नसतो. परंतु १८९८ मध्ये तळणी आणि पुलगावच्या गावकऱ्यांनी पाहुण्यांचे तंबू जसे दुरून पाहिले, तसे २०३० नंतरच्या पिढीनेही पाहावे, हे विद्यापीठांना भूषणावह ठरणार नाही.

पेंचची काळोखी रात्र

दुसरी संधी तर नागपूर जिल्ह्यातच आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वनविभागाने परिसरातील गावांचे दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळविला. आकाशाचा काळोख जपला. शहरे झगमगाटात बुडत असताना काळोख ही दुर्मीळ नैसर्गिक संपत्ती ठरली आहे, आणि ती नागपूरच्या उंबरठ्यावर आहे. आज तिचा उपयोग प्रामुख्याने पर्यटकांना तारे दाखविण्यासाठी होतो. त्यात गैर काही नाही. मात्र विद्यापीठाने या काळोखाकडे प्रयोगशाळा म्हणून पाहिले पाहिजे.

पावसाळ्याचे चार महिने वगळले, तर विदर्भाचे आकाश वेधांना अनुकूल असते. २१ अंश अक्षांशावरून अगस्त्यासह दक्षिणेकडील बरेच तारे दिसतात. अशा ठिकाणी अर्धा-पाऊण मीटर व्यासाची, दूरनियंत्रणाने चालणारी दुर्बीण बसविली, तर तिच्यावर रूपविकारी ताऱ्यांचा, परग्रहांच्या अधिक्रमणांचा, अतिनवताऱ्यांचा खराखुरा अभ्यास होऊ शकतो. आय.आय.टी. मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी २०१८ मध्ये हानले येथे जेमतेम ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण उभारली. आकाशात क्षणिक उजळणाऱ्या घटनांचा पाठपुरावा करण्यात तिने मोठ्या दुर्बिणींच्या पंक्तीत स्थान मिळविले आहे. दीड इंचाच्या भिंगाने तळणीला जे सिद्ध केले, त्याचीच ही आधुनिक आवृत्ती होय. कल्पना नेमकी असेल आणि हात तयार असतील, तर यंत्र लहान असल्याने काम अडत नाही.

विदर्भाला स्वतःचे असे आणखीही विषय आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. चंद्राच्या काही भागांचा आणि मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बेसाल्टचाच असल्याने ग्रहविज्ञानाला लोणारचे अप्रूप आहे. त्याच्या वयाबद्दल सुमारे ५२ हजार वर्षे आणि सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे दोन अत्यंत भिन्न निष्कर्ष निघालेले आहेत. हा वाद सोडविण्यात विदर्भातील भूशास्त्र आणि भौतिकशास्त्र विभागांचा वाटा असावयास नको काय? गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड समाजाची आकाशाविषयीची समजूतही अशीच अभ्यासाची वाट पाहत होती. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत त्यांना म्हातारीची खाट आणि उरलेल्या तिघांत ती पळविणारे चोर दिसतात. मयंक वाहिया आणि गणेश हळकारे यांनी गावोगाव फिरून ही माहिती गोळा केली आणि २०१३ मध्ये ती शोधनिबंधरूपाने जगापुढे आणली. असे विषय दूरच्या विद्यापीठाला सुचणार नाहीत. ते इथल्याच मातीतून उगवतात.

चांदण्यांनी पोट भरते काय?

ज्या प्रदेशात शेतकरी कर्जाच्या ओझ्याखाली जीव देतो, तेथे ताऱ्यांच्या अभ्यासावर पैसा खर्च करावा काय, असा प्रश्न विचारला जाईल. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. परंतु येथे २,६०० कोटींची गोष्ट नाही. ती रक्कम केंद्राने वेगळी काढलेलीच आहे. विद्यापीठाला लागतील चार-पाच कायम अध्यापकांची पदे, एक मध्यम दुर्बीण, एक संगणककक्ष आणि देखभालीची दरवर्षीची हमी. या बदल्यात विद्यार्थ्याला प्रकाशशास्त्र, संवेदक, इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र आणि प्रचंड सामग्री हाताळण्याची विद्या एकाच विषयाच्या आधारे मिळते. त्यांतले बहुतेक विद्यार्थी पुढे ज्योतिर्विद होणार नाहीत. रुग्णालयातील प्रतिमायंत्रे, हवामानाचे अंदाज, उपग्रहांची चित्रे अशा क्षेत्रांत ते जातील आणि तेथे हीच विद्या कामी येईल.

शिवाय अज्ञानालाही किंमत मोजावी लागते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून आगीचे लोळ सरकताना हजारो लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे येऊन पडले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे नाना तर्क गावोगाव लढविले गेले. ते एका चिनी प्रक्षेपकाचे अवशेष असल्याचे नंतर उमगले. आकाश आता केवळ देवांचे आणि ताऱ्यांचे राहिलेले नाही; तेथून लोखंडही पडते. अशा वेळी जनतेला चटकन आणि खात्रीने सांगणारी अभ्यासकांची फळी जवळच्या विद्यापीठात असणे, ही चैन नव्हे.

राहता राहिला ‘पुण्याला सारे आहे, मग नागपूरला कशाला?’ हा आक्षेप. पुण्याला सारे आहे म्हणूनच नागपूरला ते जमणे शक्य आहे. शिकविणारे तज्ज्ञ, खुली सामग्री, दुर्बिणींवरील वेळ ही सर्व सिद्धता तेथे झालेली आहे. नागपूरने गणित आणि भौतिकशास्त्र या विभागांमधील भिंत पाडावी आणि दोघांनी मिळून खगोलभौतिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखावा. विश्वेश्वरय्या संस्थेसारख्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेला यंत्रकामात सामील करून घ्यावे. वनविभागाशी करार करून पेंचच्या सीमेवर, जंगलाला आणि काळोखाला धक्का न लावता, लहान वेधशाळा उभारावी. एक पद मंजूर करून थांबू नये. एकदम चार पदे भरावीत, म्हणजे एकाच्या निवृत्तीबरोबर दुर्बीण दुसऱ्या गावी जाणार नाही. नायगमवालांच्या वेधशाळेला कुलूप लागले तेव्हा हाच शहाणपणा कोणी दाखविला नव्हता.

नागपूरकरांना आकाशाचे आकर्षण कमी नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सरकारी वित्तसेवेत असताना काही काळ या शहरात काढला. त्यांच्या नावाच्या विज्ञान केंद्रातील तारांगणात १९९७ पासून शाळकरी मुलांच्या रांगा लागत आल्या आहेत. घुमटाखालच्या अंधारात मान वर करून पाहणाऱ्या त्या मुलांपैकी एखादी मुलगी बाहेर पडताना विचारते, की हे शिकायचे तर कुठे जायचे? आजवर या प्रश्नाला घरच्यांनी, शिक्षकांनी पुणे, बंगळुरू किंवा परदेश अशी उत्तरे दिली; आणि ज्यांना इतक्या दूर पाठविणे परवडत नव्हते, त्यांनी मुलीला दुसरा विषय घ्यायला सांगितले. तिला अमरावती रस्त्यावरील विद्यापीठाच्या आवाराकडे बोट दाखविता यावे, एवढेच या शताब्दी ओलांडलेल्या विद्यापीठाकडे मागणे आहे.